मुथाबाईंचा रडायचा तास

मुथाबाईंनी आमच्या शाळेतल्या पोरांना रडायला शिकवलं. त्यांच्या निरोपसमारंभात मी हे वाक्य माइकवर म्हटलं, तेव्हा संस्थेच्या सचिवांनी हातातला नारळ खाली ठेवला आणि दहावीचा निकाल मीच पाडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. खुद्द बाई शाल सावरत खुर्चीत बसल्या होत्या. तिथूनच पुटपुटल्या, "हं, पुढे बोल गणित. रडायला काय, कांदासुद्धा शिकवतो."

मला त्या 'गणित' म्हणायच्या. मी गणित शिकवायची म्हणून. विज्ञानाच्या सरांना 'विज्ञान' म्हणायच्या आणि पी.टी.च्या सरांना 'शिट्टी'. हेडमास्तरांना तोंडावर 'सर' म्हणायच्या, पण त्या 'सर'मध्ये अशी काही साखर असायची की हेडमास्तर सावध व्हायचे.

शाळेचं नाव सांगत नाही. आळेफाट्यावरून पिंपरी पेंढारकडे निघालं की वाटेत लागायची, एवढं पुरे. सचिव अजून ठणठणीत आहेत आणि मला माझी पेन्शन सुखानं खायची आहे.

आम्ही दोघी फाट्यावरून एकाच एसटीनं जायचो. फाट्यावर मुथाशेठचं कापडाचं दुकान होतं. बाई उंचीला बेताच्या, अंगानं गोल, आणि नेसायच्या त्या साड्या बघून माणसाला घेरी यावी. तोंडल्याच्या रंगावर जांभळे मोर, नाहीतर पिवळ्यावर चॉकलेटी त्रिकोण. मला वाटायचं, एवढं घरचं दुकान आणि बाईला रंग कळू नयेत! एकदा न राहवून विचारलंच. तेव्हा म्हणाल्या, "अगं, वर्षभर जी साडी खपत नाही ती मी नेसते. पंधरा दिवस नेसली की पोरांच्या आया दुकानात येऊन मागतात, बाईंच्यासारखी द्या म्हणून. शेठ म्हणतात, तू पगार आणतेस त्यापेक्षा साड्या जास्त खपवतेस."

राजस्थानातून आलेलं घराणं, पण किती पिढ्यांपूर्वी ते शेठनाही सांगता यायचं नाही. बाईंचं मराठी ऐकून सदाशिव पेठेनं कान पकडावा आणि शिव्या ऐकून फाट्यावरच्या ड्रायव्हरनं. जैनांचं सगळं कडक पाळायच्या. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही. आता आमचा भाग म्हणजे जिकडे बघावं तिकडे कांद्याच्या चाळी. सुगीत एसटीच्या टपावर कांदा, आत कांदा, कंडक्टरच्या श्वासात कांदा. बाई रुमाल नाकाला लावून बसायच्या आणि म्हणायच्या, "खात नाही, पण डोळ्याला पाणी आलं तर ते मात्र आम्हाला चालतं."

मराठी आणि इतिहास हे त्यांचे विषय. मूल्यशिक्षणाचा तास त्यांच्या गळ्यात पडला, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. त्या तासाला सहानुभूती, संवेदनशीलता, श्रमप्रतिष्ठा असली मूल्यं शिकवायची, म्हणजे फळ्यावर लिहून द्यायची. नववीत मंगल नावाची एक पोरगी होती. तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की शाळा सुटेपर्यंत बंद नाही. तिनं सहानुभूतीची व्याख्या एका दमात घडाघडा म्हणून दाखवली आणि त्याच दुपारी पाचवीतली एक पोर चिखलात पडली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसली. बाईंनी पाहिलं. रागावल्या नाहीत. एसटीत मला म्हणाल्या, "पाठ झालंय, पण पोटात गेलेलं नाही. काहीतरी वेगळं खायला घालावं लागेल."

आणि त्यांनी टीव्ही उघडला.

शाळेला कुणा देणगीदारानं दिलेला एक टीव्ही होता. कुलूपबंद लाकडी पेटीत. शैक्षणिक कार्यक्रम दाखवायला म्हणून दिलेला, पण ते कार्यक्रम लागायचे तेव्हा लाइट नसायची आणि लाइट असायची तेव्हा शेतीमालाचे बाजारभाव लागायचे. दुपारच्या सुट्टीनंतर मात्र एक मालिका असायची. नाव काही का असेना. एक मोठा बंगला, त्यात दाजीसाहेब नावाचे करारी वडील, त्यांची रेवती नावाची मुलगी, आणि जिन्यावर उभं राहून कान देणारी एक आत्या. बाईंनी मूल्यशिक्षणाचा तास बरोब्बर त्या वेळेला मागून घेतला. वेळापत्रक मी करायची, त्यामुळे मलाच आधी कळलं.

"बाई, अहो मालिका कसली दाखवताय पोरांना?"

"मग काय दाखवू? आपल्या शिक्षकखोलीत दाखवण्यासारखं काही घडत नाही."

त्यांची शिकवायची पद्धत अशी. मालिका सुरू व्हायची, कुणीतरी रडायला लागायचं, आणि लाइट जायची. भारनियमनाचे दिवस होते, लाइट जायचीच. पोरं "ओऽऽ" करून ओरडायची. बाई खडू हातात घेऊन उभ्या राहायच्या. "हं. पुढे? रेवती खोलीत एकटी रडतेय. आत्या दारात आलीय. आत्या काय म्हणेल?"

"रडू नको म्हणेल, बाई."

"का रडू नको? तुझ्या घरचं पाणी जातंय का?"

वर्ग खिदळायचा. मग एकेकाला आत्या व्हायला लागायचं. पोपट नावाचा एक दांडगा पोरगा होता, मिसरूड फुटलेला, क्रिकेटमध्ये सगळ्यात जोरात बॉल टाकणारा. त्याला बाईंनी पदर म्हणून डस्टरचं फडकं डोक्यावर दिलं. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "जाऊ दे रेवती, जे झालं ते चांगल्यासाठीच झालं." बाईंनी त्याला वर्गाबाहेर काढलं. पुन्हा आत बोलावलं. मग म्हणाला, "धीर धर." पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा आला तेव्हा बिचाऱ्याला काही सुचेना, म्हणून रेवतीच्या बाकावर नुसता जाऊन बसला. "हां! आता बस तसाच," बाई म्हणाल्या. "तोंड उघडलंस तर फडकं कोंबीन."

हे सगळं त्यांना कुठून सुचायचं, तर दुकानातून. एकदा सांगितलं होतं त्यांनी. आपल्याकडे लग्नातही टॉवेल-टोपी देतात आणि दहाव्यालाही देतात. दोन्ही एकाच कपाटातली. बाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून गल्ल्यामागे बसायच्या. गिऱ्हाईक दारात आलं की आहेराचं आहे की दुखवट्याचं, हे त्याच्या पावलावरून ओळखायला शिकल्या होत्या. "दुखवट्याचं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, गणित. आणि आपण त्याला भाव सांगून, चहा पाजून, 'देवाची मर्जी' म्हणून वाटेला लावतो. एक बाई एकदा कापड घेऊन झाल्यावरही तशीच बसून राहिली. शेठ उठून तिच्याजवळ जाऊन बसले. काही बोलले नाहीत. अर्ध्या तासानं ती म्हणाली, बरं वाटलं, जाते. मी म्हटलं, माझा नवरा बावळट नाही तर!"

मुथाशेठ म्हणजे किडकिडीत, शांत माणूस. गळ्यात मोजपट्टी. त्यांना दुपारी दुकान सोडून मालिका बघता यायची नाही. संध्याकाळी आम्ही एसटीतून उतरलो की काउंटरमागून त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आज कोण मेलं?"

मग बाई उभ्या-उभ्या अख्खा भाग सांगायच्या, हातवारे करून, आत्याच्या आवाजासकट. शेठ कापड मोजत ऐकायचे आणि शेवटी "अरेरे" म्हणायचे. मला तर ती मालिका बघण्यापेक्षा ते ऐकायलाच जास्त मजा यायची.

हेडमास्तरांना हे कळायला वेळ लागला नाही. एक दिवस तावातावानं आले, आता बाईंची काही धडगत नाही असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. वर्गात शिरले तर रेवतीचं मोडलेलं लग्न चाललेलं. "हे काय चाललंय?" म्हणून गरजले. बाई म्हणाल्या, "सर, बसा ना, उभं राहिलात की मागच्यांना दिसत नाही." सर बसले. जरा वेळानं त्यांनी शेजारच्या पोराला हळूच विचारलं, "हा पोरगा कोण रे?" पोरगा म्हणाला, "त्योच तर डँबिस हाय, सर." तास संपला तेव्हा सरांच्या खिशातला रुमाल हातात होता.

आता भरतचं सांगते. खरं म्हणजे मला त्याचंच सांगायचं आहे.

भरत त्याच वर्गातला. दिवाळीआधी त्याचे वडील गेले. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, ओले हात, शॉक. आमच्या भागात असलं मरण नवं नाही. पण पुढे दहाव्याला एक गोष्ट झाली. पिंडाला कावळा शिवेना. तासभर सगळी भावकी उन्हात उभी. याचं नाव घे, त्याचं वचन दे, सगळं झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. त्यात चुलता सगळ्यांदेखत बोलून गेला, "पोरात जीव अडकलाय त्याचा." झालं! लोक घरी गेले आणि ते वाक्य भरतबरोबर राहिलं.

पोरगं शाळेत यायला लागलं, पण बोलेना. मागच्या बाकावर बसायचं आणि खिडकीबाहेर बघायचं. पोरंही त्याच्यापासून चार हात लांब. 'त्याच्या बापाला कावळा शिवला न्हाई' अशी कुजबुज मी माझ्या कानांनी ऐकली. त्याची आई एकदा शाळेत आली. पायरीवरच उभी राहिली, वर येईना. बाईंना म्हणाली, "बाई, पोरगं अजून रडलं न्हाई. लई भ्या वाटतंय मला. जेवतंय, झोपतंय, पन आत काय चाललंय कळंना. चुलता म्हनतोय, शाळा सोडून गॅरेजला घालू." तिलाच रडायला आलं. बाई तिच्याजवळ पायरीवर बसल्या, तोंडल्याच्या रंगाच्या साडीसकट.

त्या दिवशी बाई एसटीत चढल्या, तिकीट काढलं. मग एकदम म्हणाल्या, "गणित, तू पाहिलंयस का? वर्गात लाइट येते तेव्हा सगळी पोरं ओरडतात, 'आलीऽऽ' म्हणून. तेव्हा तो दचकतो."

मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिलं. पंखा फिरायला लागला, पोरं "आलीऽऽ" ओरडली, आणि मागच्या बाकावर भरतनं चटका बसल्यासारखे दोन्ही हात काखेत दाबले.

नेमकं त्याच सुमारास मालिकेत दाजीसाहेब गेले. गाडी घाटातून खाली. वर्गात पोरी मुसमुसून रडल्या. पोरांनी नाकं ओढली. दुसऱ्या दिवशीच्या भागात बघतात तो काय, भिंतीवर फोटो, फोटोला हार, आणि आत्या दागिने घालून तयार! मंगल ताडकन उठली.

"बाई, ह्ये काय? सावडनं न्हाई, दहावा न्हाई, डायरेक हार? असं कुठं असतंय व्हय? जीव अडकंल की त्यांचा!"

"मग काय करायचं म्हणतेस?"

"आपून घालू दहावा."

वर्ग टाळ्या वाजवायला लागला. बाईंनी मागच्या बाकाकडे पाहिलं. तास संपल्यावर त्या भरतजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "उद्या शाळा सुटल्यावर ही माकडं ओढ्यावर दहावा घालणार आहेत, टीव्हीतल्या माणसाचा. तुला नको वाटलं तर येऊ नकोस. तू नको म्हणालास तर करणारही नाही." भरतनं खांदे उडवले. एवढंच. मी बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, त्या पोराच्या जखमेवर मीठ कशाला?" तर म्हणाल्या, "तू पण चल. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही. मला काय कळणार? तू चुका काढ."

आमच्या जुन्नर-आंबेगावात दहावा म्हणजे काय थाट असतो, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. ओढ्याकाठी मांडव, स्पीकर, प्रवचन, आणि प्रवचन संपलं की पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. मेलेला माणूस कोण होता हे पुढाऱ्याला माहीत असलंच पाहिजे असं नाही. पोरांनी ते सगळं बरोब्बर उचललं होतं. वर्तमानपत्रातून कापलेला दाजीसाहेबांचा फोटो दगडाला टेकवला. मंगलच्या डब्यातल्या भाताचे पिंड. पोपट पुढारी झाला. मोकळ्या बाटलीचा माइक करून म्हणाला, "दाजीसाहेबांच्या जाण्यानं तालुक्याची कधीही न भरून येनारी हानी झालेली हाय. मला पुढच्या दहाव्याला जायाचं असल्यामुळं मी दोनच शब्द बोलतो." आणि पंधरा मिनिटं बोलला. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. बाई तर दगडावर बसून डोळे पुसत होत्या.

भरत आला होता. लांब बाभळीखाली उभा होता, दप्तर पाठीला तसंच.

आणि कावळा येईना. बाभळीवर दोन बसले होते, पण खाली उतरेनात. पोरं हळूहळू गप्प झाली. खेळातला का होईना, पण दहावा होता. मंगलनं हात जोडले. "दाजीसाहेब, रेवतीला आमी त्या डँबिसाशी लगीन करू देनार न्हाई." कावळा जागचा हलेना. "आत्याला घराबाहेर काढू." नाही. "गाडीचे ब्रेक कुनी तोडले ते शोधू." नाही. कुणीतरी म्हणालं, "बाई, तुम्ही वचन द्या." बाई म्हणाल्या, "दाजीसाहेब, मी परीक्षेत तुमच्यावर प्रश्न घालणार नाही."

कुणी हसलं नाही, कारण भरत पुढे आला होता.

तो फोटोपुढे आला आणि फोटोकडे न बघता भाताकडे बघत उभा राहिला. बोलला तेव्हा आवाज फाटलेला होता. किती दिवसांत वापरलाच नव्हता ना.

"आन्ना," तो म्हणाला. "मोटार चालू कराया मी जायाचं व्हतं. लाइट आली तवा माझी ब्याटिंग व्हती. मी म्हनलं, एवढी ओव्हर झाली की जातो. तवर तुमीच गेला."

 मग तो आमच्याकडे वळला. "म्हनून न्हाई शिवला कावळा. माज्यामुळं."

मंगलचं तोंड उघडलं. 'रडू नको' तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं, देवाशपथ दिसलं. पण तिनं ते गिळलं. आणि पोपट, तो दांडगा, बाटलीचा माइक हातात धरून पुढे आला. भरतच्या शेजारी मातीत बसला.

"बॉलिंग माजी व्हती," पोपट म्हणाला. "तू निघाला व्हता. मीच म्हनलं, थांब, आउट न होता पळतो काय."

आणि भरत रडला. ओरडून रडला. मोठ्या माणसासारखं नाही, अगदी लहान पोरासारखं, तोंड उघडून. पोरं त्याच्याभोवती येऊन बसली. कुणी पाठीवर हात फिरवला नाही, पाणी दिलं नाही, शब्द काढला नाही. मी चांगली खमकी बाई आहे, माझ्या वर्गात पोरं श्वास मोजून घेतात. पण त्या दिवशी मीही पदर तोंडाला लावून रडले. सांगून टाकते.

तेवढ्यात कुठून तरी गावातलं एक लुत भरलेलं कुत्रं आलं, आणि सगळ्यांच्या मधून जाऊन दाजीसाहेबांचे पिंड गपागपा खाऊन, फोटो हुंगून निघून गेलं. आधी कुणाला काय करावं कळेना. मग भरतच हसला, नाकातून शेंबूड गळत असताना. मग सगळेच.

बाई उठल्या. त्याच्या शेजारी मातीत टेकल्या. म्हणाल्या, "भरत, कावळ्याचं मला कळत नाही. त्याला भूक नसेल, नाहीतर माणसं बघून भ्याला असेल. आण्णा तुझ्यावर चिडले होते का, तेही मला माहीत नाही. चिडले असतील. पण बापाचा राग संध्याकाळपर्यंत जातो रे. तेवढी संध्याकाळ त्यांना मिळाली नाही, एवढंच झालं."

त्या संध्याकाळी शेठनी विचारलं, "आज कोण मेलं?" बाई म्हणाल्या, "आज कुणी नाही. आज एक उठला." शेठ "बरं झालं" म्हणाले आणि कापड मोजत राहिले.

गावात बोंब झालीच. एक पालक शाळेत आले, "पोरांना जित्याजागत्या नटाचा दहावा घालाया शिकवत्यात का?" म्हणून. हेडमास्तरांनी बाईंना बोलावलं. बाई साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "सर, चौकशी होऊन जाऊ दे. रेवतीचं लग्न मोडलं त्या दिवशी वर्गात कोण कोण हजर होतं, तेसुद्धा मी सांगेन." चौकशी झाली नाही.

भरतला चुलत्यानं गॅरेजला घातलं नाही. बाई आणि मी दोघी त्याच्या घरी जाऊन आलो. बाईंनी चुलत्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण चुलता नंतर आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आला. आणि वर्गात एक गोष्ट झाली, जी कुणी कुणाला सांगितली नव्हती. लाइट आली की "आलीऽऽ" ओरडणं बंद झालं. पंखा फिरायला लागायचा आणि नववीचा वर्ग चिडीचूप. हेडमास्तरांना वाटलं, शिस्त लागली.

पण मालिकावाले कसले हलकट! दोनेक महिन्यांनी दाजीसाहेब परत आले. सबंध डोक्याला पट्टी, दारात उभे, आणि मागे ढोलताशे. मेलेच नव्हते म्हणे. कुणा कोळ्यानं वाचवलं होतं.

मी त्या दिवशी खिडकीशी उभी होते. पोरं आधी ओरडली, "अरे!" मंगल म्हणाली, "बाई, आता वो? आपून तर दहावा घातला!" हशा पिकला, आणि अर्ध्यातच थांबला. एकेक करून सगळ्या माना मागच्या बाकाकडे वळल्या. टीव्हीत रेवती धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडत होती. भरत बघत होता.

तो उठला. बाकांच्या मधून चालत पुढे आला. बाई हलल्या नाहीत. पेटीजवळ उभा राहून त्यानं मागे पाहिलं.

"बंद करू का?" त्यानं विचारलं. बाईंना नाही, वर्गाला. "माझा काय येनार न्हाई."

"कर," पोपट म्हणाला. सगळी म्हणाली, "कर, कर."

बटण भिंतीवर होतं. आई सांगायची, इतके दिवस तो घरातल्या बटणालाही हात लावत नव्हता; त्या पोरानं हात पुढे केला, जरा थांबला, आणि बटण खाली केलं. त्यानंतर त्या वर्गानं ती मालिका कधी पाहिली नाही. बाईंनी दुसरी शोधली. तिच्यातली आत्या जरा बरी होती.

त्या वर्गाला बाई एक गोष्ट मात्र सारखी सांगायच्या. "दहाव्यापर्यंत सगळं गाव जातं. त्यात काय मोठं! मांडव निघाला, पाहुणे गेले, की मग जायचं. तेव्हा घर खायला उठतं."

पोरं मोठी झाली. भरतनं फाट्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान काढलं. मोटार दुरुस्तीला आली की तो आधी शेतकऱ्याला अर्थिंगवरून झाडतो आणि मग मोटार उघडतो. मंगल फाट्याजवळच दिली. पोपटनं टेम्पो घेतला. बाई निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत मुथाशेठ गेले. दुकानात, काउंटरमागे, मोजपट्टी गळ्यात असताना.

उठावण्याला, म्हणजे त्यांच्यातल्या शोकसभेला, ही गर्दी. व्यापारी, पुढारी, सचिवसुद्धा. सगळे बाईंना म्हणत होते, धीर धरा, देवाची मर्जी. बाई मान डोलवत होत्या. मी खूप वेळ बघत होते, बाईंच्या डोळ्यांत पाणी नाही. पुढे बाई लेकीकडे राहायला गेल्या आणि मी माझ्या गावी. त्यामुळे मला त्या आठवतात त्या गर्दी गेल्यानंतरच्या एका संध्याकाळच्या.

पाहुणे गेले होते. लेक बाजारात गेली होती. मी आणि बाई दोघीच दुकानामागच्या खोलीत बसलो होतो. अजून ऊन होतं, तेवढ्यात भरत, मंगल आणि पोपट आले. मंगलच्या हातात डबा. पिठलं-भाकरी. मला वाटलं, बाई कुठलं पिठलं खाणार! पण मंगलनं झाकण काढलं आणि म्हणाली, "कांदा-लसूण न्हाई, बाई. तवापन नवा घेतला. दिवस मावळायच्या आत पोचायचं म्हनून पोपटला टेम्पो लई पळवाया लावला."

बाई जेवल्या. थोडंच, पण जेवल्या. तिघं भिंतीला टेकून बसली, गप्प. कुणी शेठचं नाव काढलं नाही, कुणी धीर दिला नाही. मंगलसारखी मंगल, पण तिनं ओठ घट्ट मिटले होते. बाहेर दिवस बुडाला. आणि लाइट गेली.

 मग बाई म्हणाल्या, "रोज विचारायचे. आज कोण मेलं म्हणून."



"आता मी सांगू कुणाला?" बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. एवढ्या पोरांना रडवलेली बाई, पण त्यांना रडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

तेवढ्यात ट्यूब लुकलुकली आणि लाइट आली. लख्ख उजेड. बाईंनी चेहरा झाकायला पदर शोधला, हाताला येईना. भरत उठला, आणि त्यानं बटण बंद केलं.

आम्ही अंधारात बसून राहिलो. बाई पोटभर रडल्या. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग त्यांचा नेहमीचा आवाज.

"मंगल, पिठल्यात मीठ कमी होतं गं."

"उद्या नीट करून आनते, बाई," मंगल म्हणाली.